रोवणीत धरलेली कंबर आणि कुणी न मोजलेली हाडे

ऑक्टोबर अर्ध्यावर आला की अर्जुनी मोरगाव तालुक्यात हलके धान कापणीला येते. त्याच सुमारास सरकारी दवाखान्यांच्या बाह्यरुग्ण विभागात एक तक्रार वाढते. ‘रोवणीत कंबर धरली, ती सुटलीच नाही.’ सांगणारी बाई बहुधा पन्नाशी ओलांडलेली असते. जुलै-ऑगस्टमध्ये चिखलात वाकून पऱ्हे लावताना पाठीत चमक भरली, चार दिवस बाम चोळला, मेडिकलमधून गोळ्या आणल्या आणि पुन्हा बांधीत उतरली. आता कापणीचे भारे डोक्यावर घ्यायचे आहेत आणि पाठ साथ देत नाही. तिला मिळते वेदनाशामक गोळी आणि ‘जड उचलू नका’ असा सल्ला. हा सल्ला पाळणे तिला परवडणारे नसते, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असते.

या बायकांपैकी अनेकींची कंबरदुखी स्नायूंची असते आणि ती बरी होते. पण काहींच्या पाठीतला एखादा मणका दबलेला असतो. ना पडणे, ना मार. नुसते वाकणे आणि उचलणे एवढ्यावर मणका चेपला जातो, कारण आतले हाड आधीच विरळ झालेले असते. मणक्याच्या अशा अस्थिभंगांपैकी बहुसंख्य कधी ओळखलेच जात नाहीत, ही जगभरची वस्तुस्थिती आहे. ‘वय झाले, पाठ वाकणारच’ असे घरचे म्हणतात आणि बाईही तेच म्हणते.

२० ऑक्टोबर हा जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन. या दिवसाच्या आसपास शहरांत आणि तालुक्यांच्या गावांतही मोफत ‘हाडांची तपासणी’ अशी शिबिरे लागतात. टाचेवर किंवा मनगटावर एक छोटे यंत्र ठेवले जाते, दोन मिनिटांत चिठ्ठी निघते आणि जवळजवळ प्रत्येकीच्या चिठ्ठीवर ‘हाडे कमजोर’ असे असते. शेजारच्या टेबलावर कॅल्शियमची बाटली मिळते. ध्वनिलहरींवर चालणारे हे टाचेचे यंत्र धोक्याचा ढोबळ अंदाज देऊ शकते, पण त्यावरून निदान करता येत नाही आणि औषध तर मुळीच ठरवता येत नाही. निदानासाठी कंबर व खुब्याची डेक्सा तपासणी लागते. ती मोठ्या रुग्णालयांत होते. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात तिची अपेक्षाच करता येत नाही. म्हणजे जिथे यंत्र येते तिथे विक्री होते, आणि जिथे रुग्ण आहे तिथे तपासणी पोचत नाही.

प्रश्न असा, की डेक्सा नसलेल्या तालुक्यात ठिसूळ हाडांची बाई ओळखायची कशी, आणि ती पडण्याआधी तिच्यासाठी काय करायचे.

हाड हे भिंतीतल्या विटेसारखे एकदा बांधले की संपले असे नसते. शरीर जुने हाड सतत पोखरत असते आणि नवे भरत असते. साधारण तिशीपर्यंत भर जास्त आणि खोदकाम कमी, त्यामुळे साठा वाढतो. पुढे काही वर्षे हिशेब बरोबरीत राहतो. पाळी जाते तेव्हा हे खोदकाम रोखून धरणारे इस्ट्रोजेन एकदम घटते आणि तोल बिघडतो. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत काही स्त्रिया हाडांतला वीस टक्क्यांपर्यंत साठा गमावतात. पुरुषांचीही हाडे झिजतात, पण सावकाश. त्यांच्यात असा एकदम उतार येत नाही. पन्नाशीनंतर दर तीन स्त्रियांमागे एकीला आणि दर पाच पुरुषांमागे एकाला ठिसूळ हाडांमुळे अस्थिभंग होतो, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे.

पाळी जाण्याच्या वेळी गाठीशी किती साठा होता, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. धानपट्ट्यातल्या बाईचा साठा मुळातच लहान असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील जवळपास दर पाचातील एक स्त्री प्रमाणापेक्षा कमी वजनाची आणि निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. शरीराचे वजन कमी म्हणजे हाडांवरचा रोजचा भार कमी, आणि चरबीतून तयार होणारे थोडेफार इस्ट्रोजेनही कमी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील वीणा शत्रुघ्न आणि सहकाऱ्यांनी कमी उत्पन्न गटातील तीस ते साठ वयाच्या स्त्रियांची हाडे तपासून २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या आहारात रोज तीनशे मिलिग्रॅमही कॅल्शियम नव्हते, आणि चारातील एकीहून अधिक स्त्रियांच्या खुब्यातले हाड ऑस्टिओपोरोसिसच्या पातळीला पोचले होते. म्हातारपणाचा समजला जाणारा हा आजार गरीब घरांत चाळिशी-पन्नाशीतच सुरू होतो, हे त्यातून दिसले.

इथे एक शंका रास्त आहे. डेक्साचे आकडे तरुण गोऱ्या स्त्रियांच्या हाडांशी तुलना करून काढले जातात. लहान चणीच्या भारतीय बाईचे हाड आकारानेच लहान असते, त्यामुळे यंत्र तिची घनता आहे त्याहून कमी दाखवू शकते. हे खरे आहे. म्हणूनच नुसत्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. वय, वजन, आधी मोडलेले हाड, पाळी कधी गेली, हे सगळे एकत्र पाहावे.

मग कष्टाचे काय? बांधीत राबणाऱ्या बाईची हाडे शहरातल्या खुर्चीवरच्या बाईपेक्षा मजबूत नसतात का? अर्धे उत्तर ‘हो’ असे आहे. हाडाला भार लागतो. चालणे, चढणे, डोक्यावर ओझे वाहणे यांनी हाड घडते. पण घडायला कच्चा माल हवा, आणि तो ताटात नसेल तर नुसता भार काय करणार? उरलेले अर्धे उत्तर रोवणीच्या ढबीत आहे. कमरेतून पूर्ण पुढे वाकले की शरीराचा भार मणक्यांच्या पुढच्या कडेवर येतो. हाड घट्ट असेल तर ते हा भार सोसते. विरळ असेल तर मणक्याची पुढची बाजू चेपते आणि तो पाचरीसारखा होतो. अशा दोन-तीन पाचरी एकावर एक बसल्या की पाठीला पोक येते आणि उंची घटते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९८४ मध्ये या आजाराच्या स्त्रियांचे व्यायामानुसार गट पाडून पाहिले. पाठ मागे ताणण्याचा व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के जणींच्या मणक्यांत नवी पडझड दिसली, पुढे वाकण्याचा व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणींच्या. गट लहान होते, पण फरक दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. तेव्हापासून ठिसूळ मणक्यांच्या रुग्णांना कमरेतून वाकणे टाळायला सांगितले जाते.

आणि रोवणी म्हणजे दुसरे काय? दिवसाचे सात-आठ तास, आठवडेच्या आठवडे, घोट्यापर्यंत चिखलात उभे राहून कमरेतून वाकणे. तरुण पाठ ते सोसते. पंचावन्न-साठीच्या, पाळी जाऊन दहा वर्षे झालेल्या, चाळीस किलो वजनाच्या बाईसाठी मात्र ते अगदी तिला टाळायला सांगितलेलेच काम असते. रोवणीची मजुरी हीच वर्षातली हमखास रोकड असल्याने ती घरी बसणार नाही. मग निदान कामाची वाटणी बदलता येते. पऱ्हे उपटून पेंढ्या बांधणे हे काम बांधावर बसून होण्यासारखे आहे. ते वयस्क बायकांकडे द्यावे, ओढून नेणे आणि लावणे तरुणांकडे. भारा उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यातून बसावे आणि दुसरीने हात द्यावा. गावच्या रोवणीच्या टोळ्या आपली वाटणी आपणच ठरवतात. त्यामुळे यासाठी शासन निर्णयाची वाट पाहायला नको.

आता ताट. गोंदिया जिल्हा हे धानाचे कोठार, आणि कोठाराचेच अन्न ताटात असते. सडलेल्या तांदळात शंभर ग्रॅममागे जेमतेम दहा मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दिवसभरात चारशे ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या बाईला त्यातून चाळीस मिलिग्रॅम मिळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये प्रौढांसाठी रोजची शिफारस सहाशेवरून हजार मिलिग्रॅमवर नेली. पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी ती बाराशे आहे. दूध बहुतेक घरांत चहापुरते असते आणि कपातला शेवटचा घोटही बाईच्या वाट्याला येईलच असे नाही. पाव लिटर दुधात तीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. हा सोपा मार्ग खरा, पण तो इथल्या खिशाला झेपत नाही.

पण या तालुक्याकडे दुसरे काही आहे. नवेगावबांधसारखे मोठे तलाव आहेत, इटियाडोहचे पाणी आहे, गावोगावी माजी मालगुजारी तलाव आणि बोड्या आहेत. त्यांतली लहान मासळी आणि सुकवलेले झिंगे काट्याकवचासह खाल्ले जातात, आणि कॅल्शियम त्या काट्यांत असते. मोठ्या माशाचा तुकडा महाग असूनही या बाबतीत त्याच्यापुढे फिका पडतो. शेवग्याच्या पानांत शंभर ग्रॅममागे तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. झाड परसात असते, शेंगा विकल्या जातात आणि पाला गुरांपुढे जातो. तिळात तर शंभर ग्रॅममागे हजारावर. दोन चमचे तिळाची चटणी रोज म्हणजे दीडशे-दोनशे मिलिग्रॅमची बेगमी. जवसाची चटणी इथे घरोघर होते, तीही चालते. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशेच्या आसपास असते, पण ती इथले धान्य नव्हे. रेशनवर आली तर उत्तम. नाही तर तिच्यावाचून अडत नाही. पालकाचे मात्र फार कौतुक नको, कारण त्यातले ऑक्झलेट कॅल्शियमला शरीरात शिरू देत नाही.

चुन्याविषयी बोलावेच लागेल. ‘गव्हाएवढा चुना रोज खा, हाडे लोखंडासारखी होतील’ असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. चुन्यात कॅल्शियम असते हे खरे, पण तो दाहक असतो आणि त्याचे प्रमाण घरी नीट राखणे अवघड. पूर्व विदर्भात चुना पोटात जातो तो मुख्यतः खर्ऱ्यातून, म्हणजे तंबाखू आणि सुपारीसोबत. बायकाही खर्रा खातात, गुडाखू घासतात. बिडी-सिगारेटने हाडे झिजतात हे पक्के सिद्ध आहे. चघळण्याच्या तंबाखूचा पुरावा तेवढा भक्कम नसला तरी निकोटीन तेच असते. शिवाय खर्ऱ्याने तोंड उघडेनासे झाले आणि दात गेले की तिळाची चटणी आणि काट्याची मासळी चावणार कशी?

दिवसभर उन्हात राबणाऱ्या बाईला ड जीवनसत्त्वाची कमतरता कशी, हे कोडे अनेकांना पडते. तिरुपती परिसरात हरिनारायण आणि सहकाऱ्यांनी शहरी व ग्रामीण लोकांचे रक्त तपासले तेव्हा शेतात राबणाऱ्यांची पातळी शहरवाल्यांपेक्षा बरी निघाली, पण पुरेशी सगळ्यांची नव्हती. सावळी त्वचा सूर्याचे काम सावकाश करते. बाईचे हात, डोके, पाठ झाकलेली असते. तिसरे कारण फारसे बोलले जात नाही, ते असे की आहारात कॅल्शियम फार कमी असेल तर शरीर आहे ते ड जीवनसत्त्वही वेगाने खर्ची घालते. म्हणजे ऊन भरपूर असूनही शिल्लक राहत नाही. दुरुस्तीची सुरुवात ताटापासून करावी लागते ती यासाठी.

यावर बाजारातला तोडगा म्हणजे सहा लाख युनिटचे इंजेक्शन. कंबर दुखली की एक, सहा महिन्यांनी आणखी एक. अधिक म्हणजे चांगले, हा समज इथे उलटा पडतो. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांवर झालेला प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा एकच डोस घेणाऱ्या स्त्रिया, तो न घेणाऱ्यांपेक्षा जास्त पडल्या आणि त्यांची हाडेही जास्त मोडली. कमतरता असेल तर आठवड्याला ठरावीक गोळी किंवा पुडी, ठरावीक आठवड्यांसाठी, हीच रीत योग्य. याहून घातक म्हणजे गावोगाव फिरणाऱ्यांची ‘सांधेदुखीवर रामबाण’ इंजेक्शने आणि बिनानावाची चूर्णे. दुसऱ्या दिवशी दुखणे गायब आणि भूक वाढली, तर त्यात बहुधा स्टिरॉइड असते. महिनोन्महिने पोटात गेलेले स्टिरॉइड हाडे पोखरते. कंबर दुखते म्हणून घेतलेल्या औषधानेच पुढचा मणका चेपतो.

या सगळ्यात एक कारण असे आहे, जे निसर्गाने नव्हे तर शस्त्रक्रियेने घडते. ‘पिशवी काढली’ हे वाक्य ग्रामीण महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना नवे नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया गाजल्या. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ स्त्रियांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मजुरी जाते आणि दंड भरावा लागतो, फडावर ना पाणी ना संडास, आणि अंगावरून पांढरे जाण्यासारख्या साध्या तक्रारीवर ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घातली जाते, ही त्यामागची कारणे चर्चेत आली. चर्चा झाली ती शोषणाची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण या स्त्रियांच्या हाडांचे पुढे काय होणार, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशय काढले तर पस्तिशीतली बाई एका दिवसात रजोनिवृत्त होते. जी झीज पन्नाशीत सुरू व्हायची ती पंधरा वर्षे आधी सुरू होते. अंडाशय ठेवले तरी ते लवकर थकण्याची शक्यता वाढते. शिवाय पाळीच नसल्याने ते कधी थकले हे कळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत १५ ते ४९ वयातील सुमारे तीन टक्के भारतीय स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली दिसली, आणि ती होतानाचे मध्यक वय होते ३४. अशा दोनतृतीयांश शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत झाल्या होत्या. डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निकाल दिला आणि अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास राज्यांना सांगितले. त्यात जिल्हा पातळीवर देखरेख समित्यांची तरतूद आहे. हे पुढच्या शस्त्रक्रियांसाठी झाले. ज्यांच्या झाल्या आहेत त्यांची यादी करून हाडांचा पाठपुरावा करणे हे काम मात्र कुणाच्याच टेबलावर नाही.

गोंदियात बीडसारखी स्थिती आहे असे म्हणायला आधार नाही आणि तसे कुणी म्हणूही नये. पण चाळिशीच्या आत अंडाशय गमावलेली बाई कुठेही असली तरी तिच्यासाठी उपाय आहे. नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत, म्हणजे पन्नाशीच्या आसपासपर्यंत, तिला संप्रेरक उपचार देण्याची शिफारस आहे. अपवाद स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्यांसारख्या कारणांचा. २००२ मध्ये अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात संप्रेरकांनी स्तनाच्या कर्करोगाचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असे दिसले आणि जगभर या उपचाराची धास्ती बसली. तो अभ्यास सरासरी साठीपुढच्या स्त्रियांचा होता. त्याच अभ्यासात खुब्याचे अस्थिभंग तिसऱ्या हिश्श्याने घटले होते, हे विसरले गेले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये या औषधांवरचे सरसकट कडक इशारे काढण्याची घोषणा केली. सगळ्यांना संप्रेरके द्यावीत असा याचा अर्थ नाही. पस्तिशीत पिशवी आणि अंडाशय काढून ‘आता सुटलात’ म्हणून घरी पाठवलेल्या बाईला मात्र ती नाकारण्याचे कारण उरत नाही.

सरकारी आरोग्यव्यवस्था बाईच्या हाडांची काळजी घेते, पण एकाच काळात. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत रोज दोन कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, प्रत्येकीत पाचशे मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० युनिट ड जीवनसत्त्व. चांगली योजना आहे. गोळ्या अनेकदा ट्रंकेतच राहतात हा भाग वेगळा, आणि लोहाच्या गोळीसोबत एकाच वेळी घेतल्या की लोहाचा उपयोग कमी होतो हे सांगितले जात नाही. स्तनपानाच्या काळात हाडांतून कॅल्शियम जाते, पण अंगावरचे दूध तुटल्यावर ते बहुतांशी भरून निघते. ‘पोरांनी हाडे खाल्ली’ हा समज तितकासा खरा नाही. खरी झीज पुढे वीस वर्षांनी होते, आणि तेव्हा ती कुणाची ‘माता’ या यादीत नसते. १७ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२५ या काळात देशभर राबवलेल्या ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ अभियानात भर रक्तदाब, मधुमेह, कर्करोग, रक्तक्षय, क्षयरोग आणि सिकलसेल यांवर होता. यातला सिकलसेल पूर्व विदर्भासाठी फार महत्त्वाचा. सिकलसेलच्या रुग्णाचा खुबा दुखू लागला तर बहुधा रक्तपुरवठा तुटून हाडाचा गोळा मरत असतो. हा वेगळा आजार आहे, त्याला ठिसूळ हाडे म्हणून कॅल्शियमवर ठेवणे म्हणजे वेळ घालवणे.

तरीही नव्या योजनेची वाट न पाहता बरेच होऊ शकते. आशा कार्यकर्ती तीस वर्षांवरील प्रत्येकाची जी तपासणी-यादी भरते, तिच्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहे, उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का? याचे ‘हो’ असे उत्तर म्हणजे पडण्याचा आणि हाड मोडण्याचा इशारा. ते कागदावर राहते, कारण ‘हो’ आल्यावर पुढे काय करायचे हे ठरलेले नसते. त्याला जोड द्यायला एक साधे गणित आहे. आशियाई स्त्रियांसाठी २००१ मध्ये तयार झालेल्या या पद्धतीत फक्त वय आणि वजन लागते. वयाच्या वर्षांतून वजनाचे किलो वजा करायचे. उत्तर वीसहून जास्त आले तर धोका मोठा, पाच ते वीस असेल तर मध्यम. साठ वर्षांची, ३८ किलोची बाई, उत्तर बावीस, धोका मोठा. हे गणित पूर्व आणि आग्नेय आशियातील स्त्रियांवरून बसवलेले आहे, आणि आपल्याकडे वजनेच कमी असल्याने त्यात फार जणी अडकतील, ही अडचण आहे. पण सगळ्यांना नागपूरला पाठवण्यापेक्षा कुणाला पाठवायचे हे ठरवायला ते पुरते. सोबत पाठ भिंतीला लावून उभे करावे. डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकत नसेल, किंवा तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटरहून अधिक घटली असेल, तर साधा एक्स-रे काढावा. दबलेला मणका एक्स-रेत दिसला, आणि क्षयरोग किंवा कर्करोगासारखे दुसरे कारण नाही याची खात्री झाली, तर डेक्साशिवायही निदान होते आणि उपचार सुरू करता येतात.

उपचार आहेत, आणि ते अवघड नाहीत. अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, नाही तर अन्ननलिकेला जखम होते. ज्यांना हे जमणार नाही त्यांच्यासाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिड वर्षातून एकदा सलाइनमधून. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात या औषधाने मणक्याचे अस्थिभंग सत्तर टक्क्यांनी आणि खुब्याचे एकेचाळीस टक्क्यांनी कमी केले. आधी मूत्रपिंडाची तपासणी आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढणे आवश्यक. दात काढायचे असतील तर ते आधी उरकावेत, कारण क्वचित जबड्याचे हाड मरते. खर्रा खाणाऱ्यांच्या मुलखात ही सूचना कागदापुरती ठेवून चालणार नाही. पहिल्या डोसनंतर दोन दिवस ताप येऊ शकतो. तो येणार हे आधी सांगितले नाही तर बाई पुढच्या वर्षी येत नाही.

पैशाचे गणित मात्र उलटे बसले आहे. खुबा मोडला की महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, सत्तरीपुढच्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांचे वेगळे संरक्षण आहे. तो मोडू नये म्हणून लागणाऱ्या गोळ्या आणि तपासणी बाह्यरुग्ण विभागातल्या, म्हणून विम्याबाहेर. शस्त्रक्रिया मिळाली तरी ती शक्यतो दोन दिवसांत व्हायला हवी. अर्जुनीहून गोंदिया किंवा नागपूर गाठेपर्यंत, त्यातही मधे एखाद्या हाडवैद्याचा लेप झाला असेल तर, आठवडा जातो. खुबा मोडलेल्यांपैकी साधारण पाचातील एक व्यक्ती वर्षभरात दगावते. हाड मोडल्याने नव्हे, तर खाटेवर पडून राहिल्याने होणारा न्यूमोनिया, शय्याव्रण, पायातल्या गुठळ्या यांनी. ‘या वयात कशाला ऑपरेशन’ म्हणून आजीला खाटेवर ठेवण्याचा निर्णय घरचे मायेपोटी घेतात, आणि त्याचीच किंमत तिला मोजावी लागते.

खुबा मोडण्याच्या दहा-पंधरा वर्षे आधी शरीर बहुधा एक सूचना देते. पंचावन्नची बाई ओल्या अंगणात घसरते, हात टेकते आणि मनगट मोडते. प्लास्टर होते, सहा आठवड्यांनी कापले जाते, हात हलतो आणि ती घरी जाते. साध्या उंचीवरून पडून मनगट मोडले, याचा अर्थ सगळ्याच हाडांची चौकशी व्हायला हवी, हे प्लास्टरच्या खोलीत कुणी बोलत नाही. स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या रुग्णालयांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नेमके हेच हेरले. पन्नाशीपुढच्या प्रत्येक अस्थिभंगाच्या रुग्णाचे नाव टिपायला त्यांनी एक परिचारिका नेमली. तीच तपासणी ठरवते, औषध सुरू करून देते आणि पुढे निरोप पाठवते. ही पद्धत आता जगभर पसरली आहे. ग्रामीण रुग्णालयात त्यासाठी नवे पद लागत नाही. प्लास्टरच्या खोलीत एक वही लागते, तिच्यात नाव, वय, वजन, पाळी कधी गेली, पिशवी काढली का आणि आशा कार्यकर्तीचा मोबाइल नंबर. प्लास्टर कापायला बाई सहा आठवड्यांनी स्वतःहून परत येतेच. रोवणीच्या चिखलात पडून ऑगस्टमध्ये प्लास्टर घातलेल्यांचे सहा आठवडे नुकतेच संपले आहेत.